गिब रिव्हर रोड एकट्याने: किंबर्लीच्या घळयांमधील पहिल्या प्रवासासाठी मार्गदर्शन

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातील किंबर्ली प्रदेशात डर्बी गावाजवळून निघून कुनुनुर्राच्या दिशेने सुमारे ६६० किलोमीटर जाणारा गिब रिव्हर रोड हा मुळात पर्यटकांसाठी बांधलेला रस्ता नव्हे. आतल्या भागातील विस्तीर्ण पशुपालन-जमिनींवरची, म्हणजे तिथे ज्यांना ‘स्टेशन’ म्हणतात त्यांच्यावरची, गुरे डर्बी आणि विंडम या बंदरांकडे नेता यावीत म्हणून १९६०च्या दशकात त्याची आखणी झाली. आज दोन्ही टोकांचा काही भाग डांबरी झाला आहे. मधला बहुतांश रस्ता मात्र खडी, मुरूम आणि धुळीचाच आहे, आणि त्याच्या आजूबाजूच्या घळया हेच तिथे जाण्याचे खरे कारण आहे.

दोन गाड्यांच्या सोबतीने किंवा निदान दोघांनी मिळून हा प्रवास करणे सोपे असते. तरीही पर्थ, मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांना तो एकट्याने करण्याची इच्छा असते, आणि नीट तयारी असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त ही तयारी धाडसाची नसून हिशेबाची असते. अशा प्रवासात दुसरा माणूस नेमकी कोणती कामे करतो, हे आधी कागदावर उतरवून काढावे: चाक बदलताना हात देणे, गाडी मागे घेताना मागचे दगड पाहणे, आपण दमल्यावर चालवणे, आपण पोहत असताना काठावर लक्ष ठेवणे, आणि वेळ आलीच तर मदत आणायला जाणे. यातील प्रत्येक काम कोणते उपकरण किंवा कोणती सवय करणार, आणि कोणते काम आपण मुळातच टाळणार, हे घरी ठरले पाहिजे. पुढील टप्पे त्याच हिशेबाने दिले आहेत.

ऋतू आणि दिशा

किंबर्लीत दोनच ऋतू धरून चालावे. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा, आणि त्या काळात नद्या चढल्याने रस्ता बंद असतो. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ प्रवासाचा. ऑक्टोबरमध्ये रस्ता सहसा उघडा असला तरी उकाडा असह्य होतो आणि अनेक धबधबे आटलेले असतात, त्यामुळे नवख्याने त्या महिन्याच्या वाटेला जाऊ नये. जून आणि जुलै उत्तम. मात्र जुलैतील शाळांच्या सुट्ट्यांमध्ये तळांवर गर्दी होते. गर्दीचा कंटाळा असणाऱ्यांनाही मी पहिल्या एकट्या प्रवासासाठी हाच काळ सुचवीन, कारण रस्त्याने येणारी-जाणारी प्रत्येक गाडी ही आपली संभाव्य मदत असते.

रस्ता उघडण्याची तारीख दरवर्षी पावसावर ठरते. मेन रोड्स वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याच्या नकाशावर प्रत्येक रस्त्याची त्या दिवसाची स्थिती दिलेली असते; निघण्याच्या आदल्या दिवशी तो पाहणे अनिवार्य समजावे. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो आणि विम्याचे संरक्षणही जाते. जानेवारी २०२३मध्ये एली या माजी चक्रीवादळाच्या पुराने जवळच्या फिट्झरॉय क्रॉसिंगचा महामार्गावरील पूल मोडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा पूल खुला झाला. हे सांगण्याचे कारण इतकेच की कोणाच्या तरी चार वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावरून इथला कार्यक्रम आखू नये.

दिशेविषयी मतभेद आहेत. जून-जुलैत निघणाऱ्याने डर्बीहून पूर्वेकडे जावे असे माझे मत आहे, कारण सुरुवातीला डांबरी रस्ता मिळाल्याने भाड्याची अनोळखी गाडी हाताखाली येते आणि वाट टप्प्याटप्प्याने अवघड होत जाते. मे महिन्यात मात्र उलट करावे. वाटेवरचा सर्वांत मोठा नदीचा उतार, म्हणजे पुलाशिवाय गाडी पाण्यातून नेण्याची जागा, पेंटेकोस्ट नदीवर पूर्वेच्या टोकाशी आहे. कुनुनुर्राहून निघालात तर तो पहिल्याच दिवशी समोर येतो, आणि पाणी जास्त असल्यास थोड्याच अंतरावरून परत फिरता येते. तेच पाणी पाचशे किलोमीटर आल्यावर आडवे आले, तर तेवढेच मागे जावे लागते.

गाडी आणि कागदपत्रे

उंच बांध्याची, लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गियर) असलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच हवी. शहरात मिरवणाऱ्या नाजूक एसयूव्हीने हा रस्ता करू नये. गाडी ब्रूम, कुनुनुर्रा किंवा डार्विन येथून भाड्याने मिळते. भाडेकरारात तीन गोष्टी शब्दशः शोधाव्यात: गिब रिव्हर रोडची परवानगी नावानिशी आहे का, विंजाना, बेल गॉर्ज यांसारख्या घळयांकडे जाणाऱ्या फाट्यांची परवानगी आहे का, आणि नदीच्या पाण्यात, गाडीच्या तळाला किंवा टपाला झालेले नुकसान विम्यात बसते का. पाण्यामुळे झालेले नुकसान बहुतेक वेळा बसत नाही. रात्री गाडी चालवण्यासही अनेक कंपन्या मनाई करतात, आणि ती मनाई योग्यच आहे.

भारतातून येणाऱ्यांना आपल्या आरटीओचा इंग्रजी मजकुराचा वाहन परवाना इथे चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवावा, कारण भाड्याने गाडी देणारे तो मागू शकतात. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, हा एक दिलासा. घरून आणलेली भाजणी, मेतकूट, लोणचे, डिंकाचे लाडू हे सारे ऑस्ट्रेलियात उतरताना आगमन-पत्रकावर जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूला मोठा दंड बसतो. नॉर्दर्न टेरिटरीतून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना कुनुनुर्राजवळच्या सीमेवर पुन्हा तपासणी असते आणि ताजी फळे, भाज्या, मध तिथे सोडून द्यावे लागतात. म्हणून डार्विनहून येणाऱ्याने भाजीपाला कुनुनुर्रा गाठल्यावरच भरावा.

चाके

या रस्त्यावर प्रवास थांबवणारी गोष्ट बहुधा मगर नसते, टायर असतो. खडीचे धारदार दगड टायरच्या बाजूची भिंत कापतात, आणि तसा चिरलेला टायर पंक्चर काढून दुरुस्त होत नाही. दोन स्टेपन्या असलेली गाडी मागावी. दुसरी स्टेपनी टपावर बांधलेली असेल, तर ते जड चाक एकट्याने खाली काढणे आणि पुन्हा चढवणे जमेल का, हे गाडी ताब्यात घेतानाच करून पाहावे. जमत नसेल तर ती आत किंवा मागच्या हौद्यात ठेवून मागावी.

त्याच आवारात एक चाक प्रत्यक्ष बदलून पाहावे, मग कंपनीच्या माणसाने कितीही कंटाळून पाहिले तरी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, उरलेल्या चाकांपुढे-मागे दगड लावावेत, नट जॅक लावण्याआधीच सैल करावेत, आणि भुसभुशीत जमिनीत जॅक रुतू नये म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी. काढलेले चाक लगेच बाजूला न टाकता गाडीच्या सांगाड्याखाली आडवे सरकवावे; जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर टेकते, आपल्या हातावर नाही. शेजारी कोणी नसताना ही एक सवय फार मोलाची ठरते.

हवेचा दाब हा दुसरा मुद्दा. डांबरावर भरलेल्या गाडीला ३६ ते ४० पीएसआय दाब असतो. खडी सुरू झाली की तो २८ ते ३०च्या आसपास आणावा, म्हणजे टायर दगडावर दबतो, फाटत नाही. त्यासाठी दाबमापक आणि हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर लागतोच. दाब कमी केल्यावर वेगही कमी ठेवावा, नाहीतर टायर तापून फुटतो. रस्त्यावर जागोजागी सिमेंटच्या पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात. त्यांवरून गाडी इतकी थरथरते की नट सैल होतात आणि डबे फुटतात. ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या दरम्यान एक सुसह्य वेग सापडतो. त्याहून जोरात गेल्यास थरथर कमी वाटते, पण चाकांची जमिनीवरची पकडही कमी झालेली असते, आणि एकट्या चालकांच्या गाड्या वळणावर उलटतात त्या अशाच.

डिझेल, पाणी, शिधा

डर्बीपासून माउंट बार्नेट रोडहाउस सरळ रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर आहे. विंजाना आणि टनेल क्रीकच्या फाट्यासाठी जाऊन-येऊन साधारण ११५ आणि बेल गॉर्जसाठी ६० किलोमीटर धरले, तर हे अंतर पावणेपाचशेवर जाते. खडीवर गाडीला १०० किलोमीटरमागे १४ लिटर लागतील असे धरावे. म्हणजे ६७ लिटर झाले. ८० लिटरच्या टाकीत ते बसते, पण फारसे शिल्लक राहत नाही. म्हणून वाटेत इमिंजी या आदिवासी वस्तीच्या दुकानात डिझेल भरावे, मग टाकी अर्धी असली तरी आणि दर शहरापेक्षा बराच चढा असला तरी. माउंट बार्नेटपासून कुनुनुर्रापर्यंत पुन्हा सुमारे ४०० किलोमीटर आणि फाटे वेगळे. या ठिकाणांच्या वेळा मर्यादित असतात. दुपारच्या आधी पोहोचेल असाच बेत ठेवावा आणि थोडी रोख रक्कम जवळ बाळगावी.

पिण्यासाठी माणशी रोज किमान ५ लिटर पाणी, स्वयंपाकाचे वेगळे, आणि त्याखेरीज न उघडलेले २० लिटर राखीव ठेवावे. सगळे पाणी एकाच टाकीत ठेवू नये, कारण एका दगडाने नळी तुटली की सारे पाणी जाते. शिधा ब्रूम, डर्बी किंवा कुनुनुर्रा येथे भरावा. एकट्याच्या स्वयंपाकाला मुगाची डाळ, तांदूळ, पोहे, कांदे-बटाटे आणि कोकम यांवर उत्तम भागते. कोकमाचे मीठ घातलेले सरबत तिथल्या उन्हात बाजारातील कोणत्याही पेयापेक्षा बरे वाटते.

संपर्क

डर्बी सोडल्यावर मोबाईल लागत नाही असे गृहीत धरावे. काही वस्त्यांजवळ तेवढे थोडे सिग्नल मिळते. म्हणून मदत आणायला जाणाऱ्या दुसऱ्या माणसाची जागा दोन गोष्टींनी भरून काढावी लागते. पहिली म्हणजे पीएलबी, अर्थात वैयक्तिक आपत्कालीन संकेतयंत्र. ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहामार्फत कॅनबेरातील बचाव-समन्वय केंद्राला आपली जागा कळवते. ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे त्याची नोंदणी विनामूल्य होते, आणि त्या नोंदीत प्रवासाचा मार्ग व गाडीचा क्रमांकही लिहिता येतो. दुसरी म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र किंवा सॅटेलाइट फोन, कारण पीएलबी फक्त ‘वाचवा’ एवढेच सांगते. ‘दोन दिवस उशीर होईल, काळजी नको’ असे त्यातून सांगता येत नाही. पीएलबी गाडीत नव्हे, अंगावर असावे. घसरून पाय मोडला तो घळईत, आणि यंत्र तीन किलोमीटरवर गाडीच्या कप्प्यात, असे होऊ नये.

घरच्या एका जबाबदार माणसाला मार्ग, प्रत्येक मुक्कामाचे नाव आणि कधीपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचे ती वेळ लेखी द्यावी. हा माणूस शक्यतो ऑस्ट्रेलियातच असावा. पुण्यात बसलेल्या आईला रात्री जागवून डर्बीच्या पोलिसांशी बोलायला लावणे बरे नव्हे. गाडीत यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाड्यांना आपसात बोलता येणारा रेडिओ, असेल तर महामार्गावर ४० क्रमांकाच्या वाहिनीवर रोड ट्रेनचे चालक बोलत असतात. ५० मीटरहून लांब असे हे ट्रक समोरून आले की डावीकडे सरकून थांबावे आणि धूळ पूर्ण बसल्यावरच निघावे.

गाडी बंद पडली तर तिच्यापासून दूर चालत जाऊ नये. आकाशातून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. या मुलखात वैद्यकीय मदत बहुधा विमानानेच येते. १९२८मध्ये क्वीन्सलंडमधील क्लोनकरी येथे जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून सुरू झालेल्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची विमाने स्टेशनांच्या धावपट्ट्यांवरही उतरतात.

सर्पदंशाविषयी आपल्याकडचा एक समज मनातून काढून टाकावा. दंशाच्या वर दोरी करकचून बांधायची नाही, जखम धुवायची नाही, चिरा द्यायचा नाही. रुंद लवचीक पट्टी संपूर्ण हातावर किंवा पायावर घट्ट गुंडाळावी, काठी बांधून तो अवयव स्थिर करावा, पीएलबीचे बटण दाबावे आणि जागेवरच पडून राहावे. अशा दोन-तीन पट्ट्या पाठीवरच्या पिशवीत नेहमी असाव्यात.

नदीचे उतार

इतर दुर्गम भागांत ‘आधी पाण्यातून चालत जाऊन खोली पाहा, मग गाडी घाला’ असा नियम सांगतात. पेंटेकोस्टला हा नियम लागू नाही, कारण तिथे खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. काठावरून पाहावे, दुसरी गाडी येईपर्यंत थांबावे, तिची चाके कुठवर बुडतात ते बघावे आणि पलीकडून आलेल्यांना विचारावे. पाणी अर्ध्या मीटरहून खोल दिसत असेल आणि ओढही असेल, तर एकट्याने जाऊ नये. जायचे ठरले की पाण्यात शिरण्यापूर्वीच लो रेंज लावावी, दुसऱ्या गियरमध्ये चालण्याच्या वेगाने, मध्ये न थांबता आणि गियर न बदलता पार व्हावे, आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक दोनतीनदा दाबून वाळवावेत.

घळया आणि मुक्काम

पहिला मुक्काम विंजाना, म्हणजेच बुनुबा लोकांचे बंडिलंगन. लेनर्ड नदीने नेपियर डोंगररांग कापून काढलेली ही घळई साडेतीन किलोमीटर लांब आहे, आणि तिच्या चुनखडी भिंती म्हणजे ३५ कोटी वर्षांहूनही जुन्या, समुद्रात वाढलेल्या प्रवाळ-भिंतीचे अवशेष आहेत. वाळूवर पहुडलेल्या मगरी गोड्या पाण्यातील आहेत. त्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण डिवचल्यास चावतात. अंतर राखून वाकड्या वाटेने जावे. येथून ३६ किलोमीटरवर टनेल क्रीक, म्हणजे डिमालुरू आहे. डोंगराखालून ७५० मीटर जाणाऱ्या या बोगद्यात थंड पाण्यातून चालत पलीकडे निघता येते. दोन बॅटऱ्या आणि ओले झाले तरी चालतील असे बूट घ्यावेत, आणि दुसरा एखादा गट आत शिरत असेल तर त्यांच्या मागोमाग जावे. बुनुबांचा लढवय्या जंदमारा याने १८९४पासून वसाहतवाल्यांच्या पोलिसांना याच डोंगरात झुंजवले आणि १८९७मध्ये तो टनेल क्रीकपाशी मारला गेला. सह्याद्रीतल्या घाटवाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना, त्या भिंतींमधला एकेक आडोसा पाहताना, मूठभर माणसे इतकी वर्षे कशी टिकली हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे रस्ता वुनामिन मिलिवुंडी डोंगररांग ओलांडतो. २०२०पर्यंत तिला बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचे नाव होते. जुन्या नकाशांवर ते अजून दिसते. बेल गॉर्जसाठी सायलेंट ग्रोव्ह येथे मुक्काम करावा आणि सकाळी लवकर निघावे. वाहनतळापासून सुमारे एक किलोमीटरची वाट आहे, पण खालच्या डोहापर्यंत उतरताना खडक गुळगुळीत आणि निसरडे आहेत. वरच्या पायऱ्यांवरून दिसणारा धबधबाच सर्वांत सुंदर आहे. शेवटचा उतार एकट्याने टाळला तर फारसे काही चुकत नाही.

मॅनिंग गॉर्जचा परवाना माउंट बार्नेट रोडहाउसवर मिळतो. तळाजवळचा डोह ओलांडून पलीकडची वाट धरावी लागते, आणि सामान कोरडे राहावे म्हणून जलरोधक पिशवी न्यावी. वाटेत सावली नाही, म्हणून सकाळी सातच्या आत निघणे उत्तम. गॅल्व्हन्स गॉर्ज रस्त्यालगत आहे आणि थोड्या चालण्यात होते. पूर्वेकडच्या एमा गॉर्जला जाऊन-येऊन सुमारे सव्वातीन किलोमीटर दगडांवरून चालावे लागते. डोहाचे पाणी भर उन्हातही अंगावर काटा आणते. एल क्वेस्ट्रो या पर्यटकांसाठी खुल्या स्टेशनाच्या हद्दीतील झेबेडी हे गरम पाण्याचे झरे फक्त दुपारपर्यंत खुले असतात. मिचेल धबधब्याचा मोह या खेपेला आवरावा. तिकडे जाणारा कालुंबुरूचा रस्ता बराच खडतर आहे आणि सोबतीच्या गाडीशिवाय पहिल्याच प्रवासात तो करण्यासारखा नाही.

कोणत्याही पाण्यात उतरण्याआधी त्या ठिकाणचा फलक वाचावा आणि स्थानिकांना विचारावे. एकटे असताना उंचावरून उडी मारू नये, आणि दुसरे कोणी काठावर नसेल तर पाय टेकतील तेवढ्याच पाण्यात राहावे. खडकांवरील वांजिना व ग्वियोन या आदिवासींच्या प्राचीन चित्रांना हात लावू नये. जिथे छायाचित्रास मनाई आहे तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

तळावर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचावे, कारण संधिप्रकाशात कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात. तंबू काठापासून लांब लावावा, उरलेले अन्न पाण्यात टाकू नये, आणि भांडी नदीकाठी घासायला बसू नये. मगरीला माणसाच्या नेमाचा वास लवकर लागतो. राष्ट्रीय उद्यानांत सरपण गोळा करता येत नाही, म्हणून गॅसची शेगडी न्यावी. शौचालय नसेल तिथे पाण्यापासून १०० मीटर दूर वीतभर खोल खड्डा करावा. कचरा सारा परत न्यावा. जून-जुलैत रात्री बऱ्याच गार पडतात, तेव्हा जाड पांघरूण हवेच. झोपण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून चारही टायर, नट आणि गाडीखालील गळती पाहावी, आणि शेजारच्या तंबूतील लोकांना उद्या आपण कुठे जाणार ते सांगून ठेवावे. दमला असाल तर त्याच तळावर एक दिवस जास्त राहता येईल इतका मोकळा वेळ आराखड्यात सोडावा, कारण चालक बदलण्याची सोय आपल्याकडे नाही.

गिब रिव्हर रोड ग्रेट नॉर्दर्न हायवेला मिळाल्यावर कुनुनुर्रा सुमारे ५० किलोमीटर राहते. डांबर लागताच थांबून टायरची हवा पूर्ववत भरावी, आणि गावात सिग्नल मिळाल्याबरोबर ज्यांच्याकडे वेळापत्रक दिले होते त्यांना फोन करावा. हा फोन विसरला तर पोलीस निष्कारण शोधाला निघतात. गाडी परत करण्यापूर्वी तिच्या तळाची आणि चारही टायरांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत.